टीडीएस ४२ आला, म्हणजे टाक्यातलं पाणी प्यायचं का?



पावसाळा नुकताच संपला होता तेव्हाच्या एका ट्रेकची गोष्ट. गडमाथ्यावर पोहोचेपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. समोर कातळात खोदलेलं टाकं, आणि पाणी इतकं नितळ की खालची बुडालेली पायरी स्पष्ट दिसत होती. आमच्यातल्या एकाने बॅगेतून पेनासारखं टीडीएस मीटर काढलं, पाण्यात बुडवलं आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवली. ४२. "घरच्या आरओपेक्षा भारी आहे रे!" असं म्हणून सगळ्यांनी बाटल्या भरल्या. मीसुद्धा.

साधारण सव्वा महिन्याने त्याच मीटरवाल्या मित्राचे डोळे पिवळे झाले. कावीळ. रक्ततपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. तीन आठवडे तो घरी पडून होता, सेमिस्टरची परीक्षा गेली. हे त्या टाक्यातल्या पाण्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, मधल्या दिवसांत त्याने पाणीपुरीही खाल्लीच असेल. पण ४२ या आकड्यावर आम्ही ज्या कारणाने विश्वास ठेवला ते कारण साफ चुकीचं होतं. आणि हीच चूक आजही प्रत्येक वीकेंडला गडागडावर होते, म्हणून हा लेख.

टीडीएस मीटर नेमकं काय मोजतं?

या मीटरच्या टोकाला दोन छोटे इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामधून पाण्यात किंचित वीज सोडली जाते आणि पाणी ती किती सहज वाहून नेतं हे पाहिलं जातं. विरघळलेले क्षार जास्त असतील तर वीज जास्त वाहते. त्यावरून मीटर अंदाज बांधतं की एका लिटरमध्ये इतके मिलिग्रॅम क्षार आहेत. बस, एवढंच.

जिवाणू, विषाणू हे क्षार नाहीत. ते मीटरला दिसतच नाहीत. घरी करून बघा: ग्लासभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की आकडा हजाराच्या पुढे जाईल, पण ते पाणी पिऊन कोणी आजारी पडणार नाही. उलट जुलाब झालेल्या माणसाच्या विष्ठेचा एक कण बादलीभर पाण्यात मिसळला तर मीटरचा आकडा जेमतेम हलेल.

आणि गडावरच्या टाक्यात असतं काय? पावसाचं पाणी. पावसाच्या पाण्यात क्षार कमीच असतात, त्यामुळे तिथे टीडीएस कमीच येणार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा असं म्हटलंय, ते चव आणि खारेपणाच्या दृष्टीने. बोअरवेलच्या पाण्यासाठी हे मीटर कामाचं आहे. ट्रेकला नेऊ नका, उगाच खोटा धीर देतं.

फोनच्या कॅमेऱ्यानेही हे कळत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा. कितीही मेगापिक्सेल असले तरी बाटलीचा फोटो काढून पाणी शुद्ध आहे की नाही हे सांगता येत नाही.

वाटाण्याएवढं भोक आणि मोहरीचा दाणा

आता त्या दुसऱ्या वस्तूकडे येऊ, जी हल्ली रील्समध्ये सारखी दिसते. स्ट्रॉसारखा किंवा बाटलीला लावायचा छोटा फिल्टर. कोणीतरी हिरव्यागार डबक्यात नळी घालून पाणी पितो आणि अंगठा दाखवतो.

हा फिल्टर खोटा नाही, उलट फार हुशारीने बनवलेला असतो. आत शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. प्रत्येक नळीच्या भिंतीला अतिसूक्ष्म भोकं असतात. पाणी भिंतीतून आत झिरपतं, घाण बाहेर राहते. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गाळायला याच जातीच्या पोकळ नळ्या वापरतात. बाजारातल्या बहुतेक ट्रेकिंग फिल्टरची भोकं ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची असतात. लाइफस्ट्रॉ ०.२, सॉयर ०.१.

प्रश्न असा, की यात अडकतं काय आणि सुटतं काय? मायक्रॉनचे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून सगळं एकाच प्रमाणात मोठं करून बघू. समजा, कावीळ करणारा विषाणू मोहरीच्या दाण्याएवढा आहे. त्याच प्रमाणात जुलाब करणारा जिवाणू साधारण संत्र्याएवढा होईल. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी कलिंगडाएवढा, आणि जिआर्डिया जीपच्या चाकाएवढा. मग ०.१ मायक्रॉनचं भोक केवढं? वाटाण्याएवढं.

संत्रं, कलिंगड, चाक, तिन्ही अडकले. मोहरी मात्र आरामात पलीकडे.

हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस ई, रोटाव्हायरस, नोरोव्हायरस ही सगळी मंडळी विषाणू आहेत. म्हणजे जी कावीळ आपल्याकडे दूषित पाण्यातून होते, तिच्या विषाणूला हा फिल्टर थांबवत नाही. कंपनी हे लपवत नाही, पाकिटावर जिवाणू आणि परजीवी असंच लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच.

मग अमेरिकेतले लोक फक्त हा फिल्टर घेऊन आठवडाभर डोंगरात कसे फिरतात? कारण तिकडच्या दुर्गम रानातल्या ओढ्यात मुख्य भीती जनावरांकडून येणाऱ्या परजीवींची आणि जिवाणूंची असते. माणसाला आजारी पाडणारे विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून येतात, आणि तिथे मैलोन् मैल माणूस नसतो. आता आपला गड आठवा. शनिवारी रात्री दोनशे-तीनशे माणसं, शंभरेक तंबू, संडास नाही, आणि पहाटे जो तो बाटली घेऊन झाडीकडे निघालेला. पुढच्या पावसात ते सगळं उताराने कुठे जाणार? फिल्टर ज्या परिस्थितीसाठी बनवला ती आपल्याकडे नाहीच.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळी ट्रेकसाठी आणखी एक गोष्ट. लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू लांबीला मोठा असला तरी दोऱ्यासारखा बारीक असतो, जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन. तो ०.२ च्या फिल्टरमधून आडवा नाही तर उभा निघून जाऊ शकतो. अर्थात हा आजार जास्त करून पायाच्या जखमेतून, चिखलपाण्यातून होतो. पिण्याचं पाणी गाळलं म्हणून तो धोका संपत नाही.

तर फिल्टर घेऊ नका असं म्हणतोय का? नाही. घ्या, पण अर्धं काम करणारी वस्तू म्हणून घ्या. उरलेल्या अर्ध्या कामाला गोळी किंवा उकळी लागेल.

आजीचं फडकं

आपल्याकडे पाणी गाळून पिण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला हसू नका. नारू हा रोग आठवतोय का? तुम्हाला नसेल, आजीला विचारा. पायातून दोऱ्यासारखा हातभर लांब जंत बाहेर यायचा. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव असतात, त्यांच्या पोटातून हा जंत माणसाच्या पोटात जायचा. सायक्लॉप्स साध्या दाट फडक्यात अडकतो. पाणी गाळणं आणि विहिरी सुधारणं यावर भर देऊन भारताने हा रोग हटवला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यासाठी ना लस होती ना रामबाण औषध.

बांगलादेशातही असाच एक प्रयोग झाला. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातल्या बायकांना जुनी सुती साडी किमान चार पदरी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले, पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते. कारण पटकीचे जिवाणू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात, आणि ते जीव फडक्यात अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात.

पण निम्म्याने घटले म्हणजे निम्मे राहिले. सुटे जिवाणू आणि सगळे विषाणू फडक्यातून जातातच. ट्रेकला फडकं (रुमाल, बफ, काहीही सुती) पहिली पायरी म्हणून वापरा: गाळ, पानं, किडे काढायला. तुरटीचंही तसंच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पूर्वी हेच काम निवळीच्या बिया उगाळून करायचे. पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. तरी ही पायरी गाळू नका, कारण पुढच्या सगळ्या पद्धती नितळ पाण्यातच नीट चालतात.

उकळणं: सगळ्यात खात्रीचं, सगळ्यात कंटाळवाणं

जिवाणू, विषाणू, परजीवी, तिघांनाही मारणारा एकच सोपा उपाय म्हणजे खळखळून उकळी. किती वेळ? एक मिनिट. "वीस मिनिटं उकळा" हे ऐकून लोक गॅस संपवतात आणि मग पुढच्या वेळी उकळतच नाहीत. खरं तर ७० अंशांच्या वरच बहुतेक जंतू मरायला लागतात, उकळी येईपर्यंत बरंचसं काम झालेलं असतं.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं हे शाळेत शिकलोय. कळसूबाईवर, म्हणजे १६४६ मीटरवर, ते साधारण ९४-९५ अंशांना उकळतं. तेवढं पुरतं. सुमारे २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा असा सल्ला आहे. कळसूबाई हेच महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, त्यामुळे आपल्या राज्यात कुठेही एक मिनिट बास. केदारकंठा किंवा तसल्या हिमालयातल्या ट्रेकला मात्र तीन.

अडचण इंधनाची. हरिश्चंद्रगडासारखे गड अभयारण्यात येतात, तिथे लाकडं गोळा करून चूल पेटवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे कॅनचा स्टोव्ह. सहा जणांचं दिवसभराचं पाणी उकळायचं तर गॅस आणि वेळ दोन्ही जातात, शिवाय ते गार होईपर्यंत थांबायचं.

यातून एक छोटी युक्ती निघते. गडावर कोणाकडे काही प्यायचंच असेल तर चहा घ्या. तो उकळलेला असतो. लिंबूसरबत, कोकम, ताक यात जे पाणी घातलंय ते कुठून आणलं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. उन्हात सरबताचा मोह होतो, कबूल.

गोळी टाकली, पण नीट टाकली का?

माझ्या मते आपल्या सह्याद्रीसाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे क्लोरीनची गोळी किंवा थेंब. वजन नाही, बॅटरी नाही, स्वस्त. गावच्या विहिरीत ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर टाकते, किंवा पुराच्या वेळी घरोघर जे मेडिक्लोर वाटतात, त्यामागचं रसायन हेच. क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, ते जंतूंच्या आवरणातून आत शिरून त्यांची यंत्रणाच जाळून टाकतं. कावीळ करणाऱ्या विषाणूंवरही त्याचा मारा चालतो, जिथे फिल्टर हात टेकतो.

पण ही पद्धत वापरताना जवळपास सगळे त्याच त्याच चुका करतात.

पहिली, वेळ. गोळी विरघळली म्हणजे झालं, असं नाही. ३० मिनिटं थांबायचं. फोनवर टायमर लावा, अंदाजावर जाऊ नका, तहान लागलेल्या माणसाची ३० मिनिटं आठ मिनिटांत संपतात. हिवाळ्यात पहाटे पाणी बर्फासारखं असेल तर वेळ दुप्पट.

दुसरी, गढूळ पाणी. क्लोरीन मातीतल्या आणि कुजलेल्या पानांतल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो, जंतूंसाठी उरतच नाही. म्हणून आधी गाळा. अर्ध्या तासानंतर झाकण उघडून वास घ्या. क्लोरीनचा हलकासा वास यायला हवा. अजिबात येत नसेल तर तो सगळा घाणीनेच खाल्ला असं समजा आणि पाकिटावरच्या सूचनेनुसार पुन्हा मात्रा द्या.

तिसरी चूक मला स्वतःला खूप उशिरा कळली. वास नको म्हणून लोक गोळीबरोबरच ऑरेंज पावडर, लिंबू किंवा तयार सरबताची पुडी टाकतात. क जीवनसत्त्व क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. गोळीही गेली, जंतूही जिवंत. टाकायचंच तर ३० मिनिटं पूर्ण झाल्यावर टाका, तेव्हा तीच गोष्ट फायद्याची ठरते: वास जातो.

चौथी, बाटलीची मान. टाक्यात बाटली बुडवून भरली की झाकणाच्या आट्यांमध्ये कच्चं पाणी राहतं. गोळी विरघळल्यावर झाकण थोडं सैल करून बाटली तिरकी करा, औषध मिसळलेलं पाणी आट्यांतून बाहेर ओघळू द्या, मग घट्ट लावा.

आणि गोळी किती लिटरची आहे ते वाचा. काही गोळ्या एका लिटरसाठी असतात, काही २० लिटरच्या हंड्यासाठी. हंड्याची गोळी बाटलीत टाकू नका.

क्लोरीन हरतो कुठे? क्रिप्टोस्पोरिडियमपुढे. कलिंगडाएवढा तो परजीवी जाड कवचात बसलेला असतो, साध्या क्लोरीनने मरत नाही. पण गंमत बघा, तोच फिल्टरमध्ये सहज अडकतो. फिल्टरला जे जमत नाही ते गोळीला जमतं, आणि गोळीला जे जमत नाही ते फिल्टरला.

यूव्ही पेन, आणि प्रॉडक्ट पेज कसं वाचायचं

गॅजेटप्रेमींचा लाडका पर्याय म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. स्टेरीपेनसारखं उपकरण एक लिटर पाण्यात ९० सेकंद फिरवायचं. किरणं जंतूच्या डीएनए-आरएनएला अशी इजा करतात की त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही. विषाणू, जिवाणू, परजीवी सगळ्यांवर चालतं, चव बदलत नाही. पण पाणी गढूळ असेल तर कणाच्या सावलीत लपलेला जंतू वाचतो. बॅटरी संपली की तो नुसता पेन. आणि एकदा दिवा बंद झाला की पाण्यात संरक्षण काहीच उरत नाही. रात्री त्याच बाटलीत कोणी खराब हात घातला तर पुन्हा शून्यापासून. झाकणात निळा दिवा असलेल्या ज्या स्वस्त बाटल्या ऑनलाइन मिळतात, त्यांच्याबद्दल मी जास्तच साशंक आहे. निळा दिसणारा प्रकाश म्हणजे जंतू मारणारा प्रकाश नव्हे, खरी अतिनील किरणं डोळ्यांना दिसतच नाहीत.

कुठलंही उपकरण घेताना एक आकडा शोधा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ मध्ये घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते: जिवाणू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के, परजीवी ९९.९ टक्के निघायला हवेत. पेजवर विषाणूंचा उल्लेखच नसेल, तर ते विषाणू काढत नाही असं धरून चाला. आणि जिवाणूंसमोर फक्त "९९.९ टक्के" असेल तर हिशेब करा. दहा लाख जिवाणूंमधून ९९.९ टक्के गेले तरी एक हजार उरतात. ९९.९९९९ टक्के गेले तर एक.

काहीच नसेल तर? पारदर्शक प्लास्टिकची बाटली नितळ पाण्याने भरून आडवी उन्हात ठेवा, कडक ऊन असेल तर सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. ही पद्धत खरंच चालते. चालत्या ट्रेकमध्ये मात्र सहा तास थांबणार कोण, म्हणून ती मुक्कामापुरती.

हिरवा दाट तवंग आलेलं पाणी किंवा फवारणी झालेल्या शेतातून वाहत आलेलं पाणी मात्र यातल्या कुठल्याही उपायाने पिण्याजोगं होत नाही. उकळल्यावर विष जात नाही, उलट पाणी आटून ते थोडं दाटच होतं. दुसरं पाणी शोधा.

माझ्या बॅगेत आता काय असतं

पायथ्याच्या गावातून तीन लिटर भरून निघतो, कारण तिथल्या पाण्यात टीसीएल पडलेलं असण्याची शक्यता तरी असते. शिवकाळातल्या गडांबद्दल माहिती देणाऱ्या आज्ञापत्रातही पाण्याची सोय आधी बघा, एकाच झऱ्यावर विसंबू नका, असा सल्ला आहे. वर टाक्यातलं पाणी घ्यावंच लागलं तर आधी चार पदरी सुती रुमाल, मग ०.१ मायक्रॉनचा फिल्टर, मग गोळी आणि ३० मिनिटांचा टायमर. कच्च्या पाण्याची पिशवी वेगळी, तिला काळ्या मार्करने फुली मारलेली. दोन्हींची अदलाबदल झाली की बाकी सगळी मेहनत वाया.

घरी आल्यावर फिल्टरमधून उलट दिशेने स्वच्छ पाणी दाबून मारा आणि पूर्ण वाळवून ठेवा. ओला फिल्टर कपाटात चार महिने ठेवला तर जंतूंची कॉलनी तुम्हीच पाळली असं समजा. हिमालयात एकदा आतलं पाणी गोठलं की नळ्या फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये, फोन आणि पॉवर बँकेच्या शेजारी.

एवढं करूनही कोणी आजारी पडलंच तर जुलाब सहसा एक-दोन दिवसांत कळतात, जिआर्डियाला एक-दोन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए आणि ई मात्र दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतात. तोवर ट्रेक आपण विसरलेलो असतो. भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद पिवळी दिसू लागली तर डॉक्टरांकडे जा आणि गेल्या दोन महिन्यांत बाहेर कुठे पाणी प्यायलात हे सांगा. घरात गरोदर बाई असेल तर जास्तच काळजी घ्या, हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो. तारीख आठवत नसेल तर फोनची गॅलरी उघडा. टाक्याजवळचा सेल्फी असतोच, आणि त्यावर दिवस आणि वेळ दोन्ही असतात.